क्लचमधली हवा आणि बानोसिस्टरची शाल

समारंभाचे अध्यक्ष डॉक्टर अविनाशसाहेब, प्रमुख पाहुणे धर्मराजशेठ, व्यासपीठावर बसलेल्या मेट्रनबाई आणि बाकीचे मोठे डॉक्टर, आजच्या सत्कारमूर्ती सौ. हुस्नबानो इक्बाल मुकादम, समोर खुर्च्यांवर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, त्यांच्या मागे पोरं सांभाळत उभे असलेले त्यांचे नवरे, आणि जेवणाच्या टेबलाजवळ आधीच जाऊन थांबलेल्या बंधूंनो, तुमा सगळ्यांना मैना काशिराम कोळी हिचा नमस्कार.

झालं. एवढं रियाने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. रिया म्हंजे आत्ता माईकवर गोड गोड बोलून गेली ती, बानोच्याच वॉर्डातली सिस्टर. चिठ्ठीत पुढे आणखी बरंच हाय. 'सेवेचा नंदादीप' असं काहीतरी लिहिलंय. मी चौथीपर्यंत शिकले, वाचता येतं मला. पण बानोला नंदादीप कोण बोलणार? नंदादीप असा गप जळतो. ही कधी गप होती का? वॉर्डातली लाईट गेली की इलेक्ट्रिशियन पळत यायचा, तो लाईटसाठी नाय, हिच्या आवाजाला घाबरून. तेव्हा ती चिठ्ठी मी कमरेला खोचली. आता मी माझंच बोलते. उशीर झालाय, आणि आमाला निघायचंय. कुठे, ते सांगते.

मला इथे का उभी केली? मी काय डॉक्टर नाय, नर्स नाय. पनवेलच्या बाजारात मासे विकते. रिया बोलली, मावशी, पेशंटांच्या वतीने दोन शब्द बोला. बरं. तर पेशंटांच्या वतीने पहिलं काम. हॉलमधल्या ज्या ज्या बाईने बाळंतपणात बानोसिस्टरच्या शिव्या खाल्ल्यात, तिने हात वर करा. लाजू नका. अगं बाय! बघा साहेब, समोर बघा. मेट्रनबाई, तुमी पण? तुमचा हात दिसला मला.

मी पण खाल्ल्यात. माझा शैलेश अडला होता. मी ओरडत होते, मला घरी जाऊ द्या, मला नाय व्हायचं बाळंत. बानो तेव्हा नवी होती, काडीसारखी बारीक, पण आवाज हाच. बोलली, "मैने, घरी जा, पण ह्याला इथे ठेवून जा." मग सुरू केलं तिने. "दाब! जोर लाव! धर, धरून ठेव! मी सांगेपर्यंत सोडायचं नाही! हां, आता सोड." एवढंच. माझ्या सासूचं ऐकलं नाय, नवऱ्याचं ऐकलं नाय, पण हिचं ऐकलं, कारण न ऐकून सांगता कोणाला? शैलेश झाला. आता न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. दुसऱ्या दिवशी मी हिला पापलेट पाठवलं, ते हिने परत पाठवलं. बोलली, ड्युटीवर काही घेत नाही. मग मी घरी पाठवलं. तेव्हापासूनची ही मैत्री. ती मला मैने बोलते, मी तिला बानो बोलते, आणि मध्ये कोण बोललं तर आमी दोघी मिळून त्याला बोलतो.

आता तुमी बघितलं असेल. माझा उजवा हात मी मघापासून पदराखाली ठेवलाय, आणि पहिल्या रांगेतली इक्बालभाईंची खुर्ची रिकामी हाय. इक्बालभाई म्हंजे बानोचे मालक. बायकोचा निरोप समारंभ आणि नवरा गायब. तुमी काय काय विचार करत असाल तो करू नका. ते कुठे हायत ते मला ठाऊक हाय. आणि तिसरी गोष्ट ती शाल. अध्यक्षसाहेबांनी आत्ता एवढ्या मानाने बानोच्या अंगावर घातली ती. साहेब, तुमी घडी उलगडताना जरा थांबलात. नाक पण जरा आक्रसलं. मी बघितलं. थांबा, शालीवर पण येते.

तर गोष्ट मोटरसायकलची हाय.

इक्बालभाई एवढी वर्षं मस्कतला होते. परत आले तेव्हा त्यांनी हौसेने एक मोठी गाडी घेतली. मोठी म्हंजे, उभी राहिली की म्हशीसारखी दिसते, काळी कुळकुळीत. दोन वेळा चालवली आणि भाईंच्या गुडघ्याने राजीनामा दिला. गाडी रोडपालीला बिल्डिंगच्या खाली कापडाखाली झाकून उभी. बानो रोज स्कूटीवरून ड्युटीला जायची आणि रोज त्या कापडाकडे बघायची. एक दिवस कापड काढलं. बिल्डिंगच्या आवारात शिकली, मग सेक्टरातल्या रस्त्यावर शिकली. वॉचमन गणू तिच्या मागे पळायचा, पडली तर उचलायला. त्याचं पोट गेलं बिचाऱ्याचं, चांगला सडपातळ झाला.

मग रिटायर व्हायची वेळ आली. मी विचारलं, बानो, आता काय करणार? बोलली, "मैने, हर्णैला जाणार. गाडीवरून. तू मागे बस."

हर्णैजवळ हिचं माहेर हाय. हिची खाला, म्हंजे मावशी, तिथे अजून हाय, ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवते. मी बोलले, एसटी हाय की. भाईंच्या भाच्याची कार हाय की. तर बानो काय बोलली ते ऐका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. बोलली, "त्या ओट्यासमोर मी आजवर जितक्या वेळा उतरले, तितक्या वेळा कोणाच्यातरी मागे बसून, नाहीतर शेजारी बसून उतरले. आधी अब्बा, मग भाऊ, मग हे. खालाने मला कायम कोणीतरी आणलेली बघितलीय. एकदा मी स्वतःच आलेली बघू दे तिला. डोळे आहेत तिला अजून, तोवर."

मी लगेच हो बोलले. माझा पण मतलब होता. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर माशाचा लिलाव लागतो, बैलगाड्या पाण्यात जातात, असं आयुष्यभर ऐकत आले. बघितलं नाय कधी. मासे विकणाऱ्या बाईने हर्णैचा लिलाव बघितला नाय, म्हंजे भटजीने गंगा बघितली नाय.

इक्बालभाईंना नाय पटलं. ओरडले नाय, भला माणूस हाय. नुसते बोलले, "एवढी वर्षं मी गेलो, ही थांबली. आता मी थांबलो, तर ही चालली." बानो बोलली, दोन रात्री जाऊन येते. ते बोलले, त्या हायवेवर ट्रेलर कसे येतात माहीत आहे ना? बानो बोलली, ट्रेलर मैनाच्या पोराचेच आहेत.

बरं. ठरलं असं की आज समारंभ आटोपला की हॉलवरूनच निघायचं. आणि काल सकाळी एक ट्रायल मारायची. कर्नाळ्यापर्यंत. मी मागे.

कर्नाळ्याला पोचलो झकास. मी डोळे उघडले ते तिथेच. गाडी उभी केली, मी अजून मागेच बसलेली, हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि सुकटीची चटणी. आलं माकड. धरली पिशवी. आता दुसरी बाई असती तर सोडली असती. मी कोळीण हाय. बाजारात मांजर, घार, कावळा, गिऱ्हाईक, कोणाला फुकट नेऊ देत नाय. मी इकडून ओढली, माकडाने तिकडून ओढली, आणि मी, बानो, गाडी, अशी तिघं आडवी. चूक कोणाची ते विचारू नका. माकडाची. त्यानेच ती चटणी खाल्ली, आणि मग ते जे काय नाचलं! आमी जमिनीवर पडल्या पडल्या हसत होतो. बानोला उठताच येईना. गाडी तशीच कुशीवर पडलेली.

तिथे बिघडलं. पण ते आमाला तेव्हा ठाऊक नाय.

परत येताना पळस्प्याच्या पुढे बानो एकदम गप झाली. बानो गप झाली की मला भीती वाटते. मग बोलली, "मैने, क्लच नाही." मी बोलले, नाय म्हंजे? पडला कुठे?

समजावून सांगते, मला पण कालच समजलं. आपल्या साध्या गाडीच्या क्लचला वायर असते. हिच्या गाडीला वायर नाय, तेल. हाताजवळ एक बारका डबा हाय तेलाचा. डाव्या हाताची दांडी दाबली की ते तेल पाईपातून खाली ढकललं जातं आणि खालचा क्लच सुटतो. मग गियर पडतो. आता त्या डब्यात तेल कमी होतं, गाडी दोन पावसाळे उभी होती, कोणी बघितलंच नाय. त्यात गाडी कुशीवर पडली. पाईपात शिरली हवा. तेल दाबलं की पुढे जातं, पण हवा दाबली की नुसती दबते. तुमी दाबलेला जोर हवेतच जिरतो. दांडी हातात अशी लोळते, ओल्या बोंबलासारखी.

थांबलो तर गाडी बंद पडणार, आणि परत गियर पडणार नाय. म्हणून बानो थांबलीच नाय. कळंबोली सर्कलला आमी किती फेऱ्या मारल्या ते मी मोजलं नाय, मी देवाचं नाव घेत होते. बानो अल्लाचं घेत होती. रोडपालीकडे वळायला फट मिळेना, म्हणून ही गोल गोल फिरते आणि ओरडते, "बाजूला! बाजूला व्हा! थांबता येत नाही!" तिथे ट्रेलरवाले सगळे शैलेशच्या वळखीचे. एकाने ट्रेलर आडवा घालून सगळी गर्दी थांबवली आणि खाली वाकून बोलला, "मैनामावशी, तुमी कुठे चाललाव?" मी बोलले, "आधी वाट दे, मग सांगते."

शेवटी बिल्डिंगच्या गेटात आत शिरली आणि ब्रेक मारून बंद पाडली. घोड्यासारखी एक उडी मारली गाडीने आणि गप.

वर गॅलरीत इक्बालभाई. सगळं बघितलं त्यांनी. हळूहळू खाली आले, प्लास्टिकची खुर्ची मागवली, बसले. आणि बोलले, "बानो, खुदाच्या वास्ते, आता एकच बात. उद्या समारंभाला निघायच्या आधी हे क्लच ठीक झालं, तर जा. मी एक लफ्ज बोलणार नाही. नाही झालं, तर भाच्याच्या कारने मी नेतो, आणि गाडी विकायची. परत ह्याचं नाव काढायचं नाही." बानो बोलली, "मंजूर."

मंजूर बोलून बसली! मेकॅनिक गावी जत्रेला गेलेला. दुसऱ्याकडे फोन केला, तो बोलला गाडी सोडून जा, आठवड्याने बघू. आता काय करणार?

मी आमच्या मालकांना बोलवलं. काशिराम. बघा, एवढ्या माणसांत नाव घेतलं, उखाणा नंतर घेईन. हे आयुष्यभर होडीवर, इंजिन ह्यांच्या हातात. होडीच्या इंजिनात पण डिझेलच्या पाईपात हवा धरते, मग इंजिन समुद्रात मरतं. ह्यांनी ऐकलं आणि छाती ही एवढी. "हवा काढायची? अरे, मी झोपेत काढतो. काढ नट, मार पंप, फेस गेला की आवळ नट. संपलं!"

खाली इंजिनाजवळ एक बारका नट हाय, हवा काढायचाच. ह्यांनी तो खोलला आणि मला बसवलं दांडीवर. "मार!" मी मारते. "मार!" मी मारते. बाजारात कोयता चालवून माझा हात असा झालाय की भिंत दाबली तर भिंत दबेल. तेल नुसतं खाली वाहतंय. हे बोलतात येतंय, येतंय, हवा येतेय. डबा संपला की परत भरायचा, परत मार. दांडी बघितली, तर ओला बोंबील. परत तेच. संध्याकाळ झाली, बोंबील ओलाच.

मध्येच शैलेशचा फोन. त्याला सर्कलची बातमी लागलेली. बोलतो, "आई, हवा काढू नका! वेड लागलंय काय? हवा गेली की ब्रेक जाम होतो!" अरे, ते तुझ्या ट्रेलरचं! ट्रेलरचे ब्रेक हवेवर चालतात, त्याला हवा कमी झालेली खपत नाय. बापाला हवा काढायचीय, पोराला भरायचीय, आणि मी मध्ये दांडी धरून. हेच माझ्या संसाराचं चित्र हाय, दुसरं काय?

इक्बालभाईंनी मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यात आधी शांपूची जाहिरात. मग एक पोरगा आला आणि बोलला, 'दोस्तांनो, आधी चॅनेल सबस्क्राईब करा.' बानोने फोन घेऊन बंद केला. बोलली, "पेशंट टेबलावर आहे आणि हा वर्गणी मागतोय!"

आणि ह्याच गडबडीत ह्यांनी डबा भरताना तेल सांडलं. सांडलं ते थेट टाकीकडे. इक्बालभाई खुर्चीतून ओरडले, "पुसा! पुसा! हे तेल पेंट खातं!" माझ्या हाताला फडकं सापडेना. हाताशी जी पिशवी होती त्यात हात घातला, मऊ लागलं, ते ओढलं आणि पुसलं.

साहेब, ती शाल होती. समितीने सत्काराची शाल आणि नारळ माझ्याकडे सांभाळायला दिला होता.

हसा, हसा. धर्मराजशेठ, शाल तुमी दिलेली, तुमी हसलात म्हंजे झालं. मी रात्री साबण लावला, डाग नाय गेला. सकाळी बेसन लावलं, नाय गेला. म्हणून घडी अशी घातली की डाग आत. साहेबांनी ती उलगडली. तर तो जो बानोच्या डाव्या खांद्यावर होडीसारखा आकार दिसतोय, ते डिझाईन नाय. पण एक सांगू? एवढ्या शाली वाटल्या जातात ह्या पनवेलमध्ये, कपाटात जातात आणि डांबराच्या गोळ्यांत मरतात. ही एक शाल तरी कामाला आली.

रिया, मला घड्याळ दाखवू नको. माझ्या पण हातात हाय.

आज सकाळी उजाडल्यावर परत खाली जमलो. बानो आंघोळ करून, चांगला ड्रेस घालून आली, हातात सलाईनची नळी. मेट्रनबाई, हॉस्पिटलातली नाय! औषधाच्या दुकानातून आणलेली, नवी कोरी. आणि एक रिकामी बाटली. बोलली, "कालपासून तेल जमिनीवर वाहतंय, आपल्याला काही दिसतच नाही. आधी मला बघू द्या काय येतंय." नळीचं एक तोंड नटाला लावलं, दुसरं बाटलीत थोडं तेल घालून त्यात बुडवलं. चष्मा लावला. "मैने, दाब."

मी दाबलं. नळीतून तेल आलं, आणि तेलात हा एवढा हवेचा बुडबुडा. आमी सगळे ओरडलो, आला, आला! मी आनंदाने दांडी सोडली. तर बुडबुडा आला तसा मागे फिरला आणि परत आत.

परत दाबलं. आला. सोडलं. परत आत.

बानो तशीच उकिडवी बसली. मग वर बघितलं. साहेब, तो चेहरा मला ठाऊक हाय. हॉलमधल्या सगळ्या बायांना ठाऊक हाय. बोलली, "डोकं दिसतंय आणि परत आत जातंय. काशिरामभाऊ, तुम्ही काल दिवसभर हेच केलंत. नट उघडा असताना हिने दांडी सोडली, की बाहेर आलेली हवा ही दांडी परत ओढून घेते."

हे बोलले, "आमच्या इंजिनात असं नाय. नट उघडा ठेवून पंप मारायचा."

"हे तुमचं इंजिन नाही, भाऊ. हे बाळंतपण आहे. सगळ्यांनी गप बसायचं आणि मी सांगेन तेच करायचं. मैने, दाब! जोर लाव! आणखी! आता धर. धरून ठेव! मी सांगेपर्यंत सोडायचं नाही! भाऊ, खोला. आला. बंद करा, बंद! आवळलं? मैने, आता सोड."

अहो, शैलेशच्या वेळचंच सगळं! तोच आवाज, तेच शब्द. मी घामाघूम, दात आवळलेले, हँडलवर लोंबकळतेय. मला वाटलं आता शैलेशला भाऊ होतोय. बुडबुडा नळीत अडकून राहिला, परत आत गेला नाय. पुढच्या दाबाला बाटलीत जाऊन फुटला, बुळुक! वॉचमन गणूने टाळी वाजवली.

"शाबास! परत. दाब! धर! खोला. बंद. सोड." बुळुक. "दाब! धर!" बुळुक. एकेक बुडबुडा बाहेर पडतोय आणि आमी शाळेतल्या पोरींसारख्या किंचाळतोय. वरच्या गॅलरीत माणसं जमली. कोणी विचारलं, काय चाललंय? गणू बोलला, "बानोसिस्टर डिलिव्हरी करतायत."

आता इथे जरा शांत ऐका.

ह्या सगळ्यात एक काम इक्बालभाईंकडे होतं. गुडघ्यामुळे त्यांना वाकता येत नाय, म्हणून ते खुर्चीवर, हँडलच्या शेजारी, हातात तेलाची बाटली. वरच्या डब्यावर लक्ष ठेवायचं. तेल खाली गेलं की भरायचं. कारण डबा रिकामा झाला तर वरून नवी हवा शिरते, आणि सगळं परत पहिल्यापासून. आणि तेवढा वेळ आता नव्हता. हॉलवर यायची वेळ झालेली, रियाचे फोनवर फोन चाललेले.

आणि मी बघितलं, डबा तळाला आलाय.

बानो खाली बघत होती. आमचे मालक गाडीखाली आडवे. डबा दिसत होता तो फक्त मला आणि इक्बालभाईंना. बाटली त्यांच्या हातात, झाकण उघडलेलं. त्यांनी डब्याकडे बघितलं. मग बानोच्या पाठीकडे बघितलं. चांगल्या ड्रेसवर काळं लागलेलं, केस सुटलेले, ही नळीला डोळा लावून बसलेली. नुसतं बसून राहायचं होतं त्यांना, बाकी काय करायचं नव्हतं. कोणाला कळलं पण नसतं. बायको घरात राहिली असती.

मी? मी एवढी बडबडी, पण तिथे माझं तोंड उघडेना. हातात दांडी, खाली बानो ओरडतेय, "दाब, मैने, दाब, थांबलीस का?"

इक्बालभाई हळूच बोलले, "मैनाभाभी, दम धरा. तेल कमी आहे."

आणि ओतलं. अगदी बारीक धारेने, एक थेंब बाहेर सांडला नाय. डबा भरला, झाकण आडवं ठेवलं आणि बोलले, "हां. आता दाबा."

बस्स. मी फक्त दाबलं.

पण मग भाईंना जो काय चेव आला! खुर्चीवरूनच ओरडायला लागले, "आला, बानो, आला! अजून एक आहे, बारका आहे, सोडू नकोस त्याला!" आमच्यापेक्षा त्यांचाच आवाज मोठा. शेवटी नळीतून नुसतं स्वच्छ तेल, बुडबुडा एक नाय. बानो बोलली, "भाऊ, आवळा. मैने, बघ आता."

मी दांडी दाबली. अशी टणक! ओला बोंबील गेला, सुका बोंबील आला! बानो गाडीवर बसली, चालू केली, क्लच दाबला, गियर टाकला. गाडी जागची हलली नाय. शहाण्या बाळासारखी गुरगुरत उभी. गणूने विचारलं, "सिस्टर, मुलगा का मुलगी?" बानो बोलली, "वजन घे आधी!"

आणि मग आमी दोघी तशाच हात धरून त्या आवारात नाचलो. ह्या वयात. तिचा कपडा बदलायचा राहिला, माझा हात धुवायचा राहिला, आणि आमी इथे उशिरा आलो. म्हणून माझा हात पदराखाली हाय. हा बघा. काळा हाय, तेलाचा वास येतोय, आणि दाबून दाबून एवढा सुजलाय की बांगडी वर चढेना. मघाशी शेठनी माझ्याशी हात मिळवला आणि हळूच रुमालाला पुसला. शेठ, मी बघितलं.

आता सत्कारमूर्तींबद्दल चार शब्द बोलायचे असतात. काय बोलू? बानोने ह्या पनवेलमधली किती पोरं जगात आणली ते साहेबांनी मघाशी सांगितलं. मला आकडा कळत नाय. मला एवढंच कळतं की प्रत्येक बाईला तिथे वाटतं, माझं एकटीचंच अडलंय. आणि मग कोणीतरी ओरडतं, धर, मी आहे. ओरडणारी पाहिजे हो. गोड बोलणाऱ्या रग्गड मिळतात. रिया, तू पण जरा ओरडायला शीक, बाय. आता वॉर्ड तुझ्याकडे हाय.

तर मी आता...

ऐकलंत?

हॉर्न वाजला. परत वाजला बघा. ते इक्बालभाई. मघापासून बाहेर गाडीजवळ उभे हायत. मी बोलले आत बसा, तर ते नाय बोलले, कोणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे, दर थोड्या वेळाने क्लच दाबून बघतो, परत नरम पडायला नको. आणि आता त्यांनी ती चालू पण केलीय. ऐका, इंजिनाचा आवाज. गरम करून ठेवतायत तिच्यासाठी. बानो, डोळे पुसू नकोस शालीला, त्या शालीला तेल हाय.

अध्यक्षसाहेब, तुमी मला बोलू दिलंत, मेहेरबानी. समितीने जेवण ठेवलंय, त्यांचे उपकार, पण आमची दोन पानं वाढू नका, आमाला डब्यात बांधून द्या. ह्या वेळी माकडाला कळणार नाय असं बांधा. चौथी शिकलेल्या बाईच्या तोंडून कमीजास्त शब्द गेला असेल, बाळंतपणाचं बोलताना पुरुषमाणसांना लाज वाटली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. शालीचं पण पोटात घाला. ती बानो पाठीला बांधून हर्णैला नेणार हाय, खालाला दाखवायला.

आणि शेवटचं. गेटासमोर कोणीतरी पांढरी कार आडवी लावलीय. जेवणाच्या टेबलाजवळच्या बंधूंनो, तुमच्यापैकीच कोणाची तरी असेल. आधी ती काढा. बानो, ऊठ.